अकरा चांदण्या

2017 च्या जूनमध्ये आमच्या चौथीच्या वर्गात एक तक्ता लागला. शाळा मुंबईतल्या हिंदमाताच्या चौकापासून पायी पाच-सात मिनिटांवर. मुलं नायगावच्या चाळींतली, भोईवाड्यातली. कुणाचे वडील कापडाच्या दुकानात गाठोडी उचलायला, कुणाची आई घरी साड्यांना फॉल-बिडिंग करणारी, कुणाची आई रुग्णालयात आया. तक्त्यावर अडतीस नावं आणि प्रत्येक नावापुढे रिकाम्या चौकोनांची ओळ. एक गोष्टीचं पुस्तक वाचून झालं की एक सोनेरी चांदणी. पंचवीस चांदण्या झाल्या की कंपासपेटी. तक्ता मीच आखला होता, चांदण्यांचं पाकीटही मीच आणलं होतं.

पहिल्या आठवड्यात वर्गाचा नूर पालटला. मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून मुलं पुस्तकांच्या पेटीभोवती गोळा व्हायला लागली. दोन आठवड्यांत एका मुलाच्या नावापुढे अकरा चांदण्या चमकत होत्या. मला फार आनंद झाला. त्याला जवळ बोलावलं आणि म्हटलं, "यातली तुला आवडलेली एक गोष्ट सांग." तो बराच वेळ तक्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाई, एक हत्तीची होती." पुढे काही त्याला आठवेना.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी देवघेवीची वही उघडून बसले. अकराच्या अकरा पुस्तकं आठ ते सोळा पानांची. पेटीतलं 'फास्टर फेणे' पंधरा दिवसांत कुणी उचललेलं नव्हतं. 'बोक्या सातबंडे' एकाने नेलं आणि दुसऱ्याच दिवशी परत केलं. एक मुलगी सावकाश वाचणारी, ओळीखाली बोट धरून वाचणारी. तिने जूनच्या सुरुवातीलाच 'गोट्या'चा पहिला भाग घेतला होता आणि रोज दोन-तीन पानं नेटाने वाचत होती. वहीत तिच्या नावापुढे 'गोट्या' परत आल्याची नोंद होती आणि त्याखाली एका पातळ चित्रकथेची. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "कंटाळा आला का गं?"

"नाही बाई, छान होतं. पण त्यालापण एकच चांदणी मिळते ना."

तिचा हिशेब अगदी बरोबर होता. चुकीचं होतं ते मी लावलेलं माप. शाळेत वाचनासाठी बक्षीस ठेवावं की ठेवू नये, आणि ठेवायचं तर कशाला, हा प्रश्न मला त्या एका वाक्यापासून सुटेना. या प्रकरणात तोच घेतला आहे.

बक्षिसाने आवड वाढते, ही आपल्या हाडीमासी रुजलेली समजूत. बाळाने पहिलं पाऊल टाकलं की टाळ्या, पाढे पाठ झाले की खाऊ. या समजुतीला पहिला मोठा धक्का 1973 साली बसला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात बिंग नावाची बालवाडी आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी तिथली तीन ते पाच वर्षांची अशी मुलं निवडली, ज्यांना स्केचपेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं. एका गटाला आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि लाल फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला आधी काहीच सांगितलं नाही. चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अवचित हातात ठेवलं. तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी स्केचपेनं पुन्हा वर्गात ठेवली. या वेळी बक्षीस नाही, सक्ती नाही. ज्याला जे खेळायचं ते खेळावं. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्यांनी मोकळ्या वेळातला 16.7 टक्के वेळ चित्रं काढण्यात घालवला. अवचित बक्षीस मिळालेल्यांनी 18.1 टक्के. आणि ज्यांनी बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढली होती त्यांनी फक्त 8.6 टक्के. जवळजवळ निम्मा.

स्केचपेनं तीच आणि मुलंही तीच. बदललं होतं ते मुलाच्या मनातलं कारण. आधी तो चित्र काढायचा कारण त्याला काढावंसं वाटायचं. आता चित्र ही फीत मिळवण्यासाठी करायची गोष्ट झाली. फीत संपली तशी चित्रं काढायची गरजही संपली. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला 'गोट्या' छान वाटत होता, हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. चांदणीने त्या छान वाटण्यावर मात केली.

या प्रयोगावरून 'बक्षीस वाईट' असा निकाल देऊन मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. मला तो निकाल पटत नाही. कारण त्या प्रयोगासाठी निवडलेल्या मुलांना चित्रं आधीपासून आवडत होती. ज्या मुलाने पाठ्यपुस्तकाबाहेरचं पुस्तक कधी हातातच धरलेलं नाही, ज्याच्या खोलीत पाच माणसं आणि एक टीव्ही आहे आणि ज्याला जोडाक्षर आलं की घाम फुटतो, त्याच्यापाशी वाचनाची आवड अजून पोचलेलीच नाही. जे नाही ते मरणार कसं? त्या मुलाला पेटीपर्यंत आणायला काहीतरी निमित्त लागतंच. पहिल्या आठवड्यात अर्धा डबा टाकून धावलेली मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

निमित्ताची ही बाजू तपासणारा एक मोठा प्रयोग अमेरिकेतच झाला. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी काही शहरांत विद्यार्थ्यांना चक्क रोख पैसे देऊन पाहिले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांसाठी पैसे दिले. गुण वाढले नाहीत. डॅलसमध्ये 2007-08 या वर्षी दुसरीच्या मुलांना दर पुस्तकामागे दोन डॉलर दिले. पुस्तक वाचायचं, संगणकावर त्यावरची छोटी प्रश्नावली सोडवायची, उत्तरं पुरेशी बरोबर आली की पैसे. इथे मात्र मुलांचं वाचून समजून घेणं सुधारलं, मुख्यतः ज्यांना शाळेची भाषा आधीपासून येत होती त्यांचं. कारण उघड आहे. "जास्त गुण मिळव" म्हटलं तर आठ-दहा वर्षांच्या मुलाला नेमकं काय करायचं ते कळत नाही. "हे पुस्तक वाच" म्हटलं की कळतं. ते त्याच्या हातातलं काम असतं. पण पुढच्या वर्षी पैसे थांबले तेव्हा झालेल्या फायद्याचा बराच भाग ओसरला. मूल पेटीपर्यंत आलं, पेटीपाशी रमलं नाही.

माझ्या वर्गाला खरा उपयोग झाला तो तिसऱ्या अभ्यासाचा. तो आकाराने अगदी लहान, आणि त्याच्याबद्दल बोललंही कमी जातं. बार्बरा मॅरिनॅक आणि लिंडा गॅम्ब्रेल या दोन शिक्षणतज्ज्ञांनी 2008 साली तिसरीच्या 75 मुलांबरोबर केलेलं काम. वाचल्याबद्दल काही मुलांना खेळण्यातल्या छोट्यामोठ्या वस्तू दिल्या, काहींना पुस्तक दिलं, काहींना काहीच नाही. मग मोकळ्या वेळात कोण काय करतं ते पाहिलं. पुस्तकं होती, चित्रांचं कोडं होतं, गणिताचा खेळ होता. खेळणी मिळालेली मुलं पुस्तकांकडे कमी वळली. पुस्तक मिळालेली मुलं मात्र काहीच न मिळालेल्यांइतकीच आपणहून वाचत होती. बक्षिसाने त्यांची ओढ बिघडवली नव्हती. त्या दोघींचं म्हणणं असं की बक्षीस कामाच्या किती जवळचं आहे यावर सगळं ठरतं. वाचनासाठी कंपासपेटी देणं म्हणजे मुलाला सांगणं, की कंपासपेटी मोलाची, पुस्तक हा तिथवर जायचा रस्ता. वाचनासाठी पुस्तकच दिलं, तर मोलाचं काय ते न सांगता कळतं.

हे वाचताना मला आमच्या शाळांतल्या बक्षीस समारंभांची आठवण झाली. गिरगाव-दादरच्या जुन्या मराठी शाळांत बक्षीस म्हणजे पुस्तकच असायचं. पहिल्या पानावर शाळेचा शिक्का, हेडमास्तरांची सही, खाली विद्यार्थ्याचं नाव आणि इयत्ता. कितीतरी घरांत आजोबांचं असं एखादं पुस्तक ट्रंकेत जपून ठेवलेलं असतं. पुढे केव्हातरी पुस्तकाची जागा स्टीलच्या पेल्याने घेतली, मग प्लास्टिकच्या डब्याने आणि ढालीने. पेला घरात वापरला जातो, हे खरं. पण त्या बदलात आपण मुलांना काहीतरी सांगून बसलो.

ज्या भागाबद्दल मी लिहिते आहे तिथे पुस्तक लोकांच्या दारी नेण्याची रीत जुनी आहे. ना. म. जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावातल्या कामगारांसाठी लीगने रात्रशाळा चालवल्या, मोफत वाचनालयं उघडली आणि फिरती ग्रंथालयंही काढली. दिवसभर साच्यावर उभं राहिलेला माणूस वाचनालयापर्यंत येणार नाही, तर वाचनालयाने त्याच्याकडे जावं, हा त्यामागचा साधा विचार. साधारण त्याच काळात बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या जात होत्या. वर्गातली पुस्तकांची पेटी ही या पेट्यांचीच नात. आणि हिंदमाताहून दादरकडे निघालं की नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वास्तू लागते. संस्था 1898 सालची. आमच्या मुलांच्या घरापासून ती चालत जाण्याच्या अंतरावर होती, आणि चौथीतल्या अडतीसपैकी एकही मूल तिच्या पायऱ्या चढलेलं नव्हतं. मूल पुस्तकाच्या शेजारी राहतं म्हणून पुस्तक मुलाच्या हाती पडतं असं नाही.

जुलैत मी तक्ता उतरवला. मुलं नाराज झाली. दोघं-तिघं पेटीकडे फिरकेनाशी झाली, त्यात तो अकरा चांदण्यांवाला मुलगाही होता. ते दिवस मला कठीण गेले. आधी दाखवलेलं बक्षीस काढून घेतलं की मूल फसवणूक झाल्यासारखं रुसतं. म्हणून मी आज कुणाही शिक्षिकेला सांगते, सुरू करण्यापूर्वी विचार करा. मधेच थांबवण्यापेक्षा न मांडलेलं बरं.

तक्त्याच्या जागी काय आणायचं हे मला लगेच सुचलं नाही. उत्तर आलं ते एका पावसात.

29 ऑगस्ट 2017. मुंबईकरांना तो मंगळवार आठवतो. गणपतीचे दिवस होते. हिंदमाताचा चौक बशीसारखा खोलगट, चारी बाजूंचं पाणी तिथे येऊन थांबतं. त्या दिवशी ते छातीपर्यंत चढलं होतं. आमच्या शाळेच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. पुस्तकांचं लोखंडी कपाट तळमजल्यावरच होतं, कुलूप लावलेलं. शाळा उघडल्यावर मी आणि शिपाईमामा कपाट उघडायला गेलो तर खालचे दोन्ही कप्पे फुगून बसलेले. पुस्तकं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालेली. वास अजून नाकात आहे. एकेक पुस्तक सोडवून आम्ही बाकांवर पंख्याखाली वाळत घातलं; बरीचशी गेलीच.

वाचली ती मुलांच्या घरी असलेली. सुट्टीत न्यायला म्हणून मुलांनी सव्वीस पुस्तकं नेली होती. ती चाळींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, फळीवर, पत्र्याच्या पेटीत, देवघराच्या खाली अशी सुखरूप होती. काही मुंबईतच नव्हती. आमच्या निम्म्या वर्गाची मुळं कोकणात. गणपतीला मुलं गावी गेली, त्यांच्याबरोबर पुस्तकंही गेली. एक पुस्तक लांज्याला जाऊन आलं. त्याच्या पानांना हळदीच्या पानांचा वास येत होता आणि तिसऱ्या पानावर मोदकाच्या सारणाचा तेलकट ठसा होता. ते पुस्तक नेणाऱ्या मुलाने सांगितलं, की त्याच्या आजीला वाचता येत नाही, म्हणून त्याने तिला ते रोज वाचून दाखवलं. आजी म्हणाली, पुन्हा वाच. त्याने चार वेळा वाचलं.

माझ्या जुन्या तक्त्यावर या चार वेळांना एकच चांदणी मिळाली असती.

तिथून पुढे आम्ही मोजायचं सोडलं असं नाही. मोजायची गोष्ट बदलली. एका मुलाच्या आईने हिंदमाताच्या दुकानांतून कटपीसचे तुकडे मिळवले. दोघी-तिघींनी मिळून त्याच्या पिशव्या शिवल्या, एक पुस्तक मावेल एवढ्या, बंद लावलेल्या. जरीचा काठ, बांधणी, लिननचा उरलेला तुकडा. दोन पिशव्या एकसारख्या नव्हत्या. पहिलं पुस्तक घरी नेलं आणि परत आणलं की पिशवी मुलाची. मग पुस्तक घरी नेणं ही पिशवी मिरवायची संधी झाली. हे निमित्तच होतं, पण पुस्तकाला बिलगलेलं निमित्त. पुस्तक कितीही जाड असो, पूर्ण होवो न होवो, आवडलं नाही म्हणून परत आणलं तरी चालेल. आवडलं नाही हे सांगण्याचा हक्क वाचकाला असतो. तो दिला की मुलं निवडायला शिकतात.

शनिवारी शेवटच्या तासाला वाचून दाखवणं. कुणी आजीला वाचलं असेल, कुणी धाकट्या भावाला, कुणी वर्गात चार ओळी वाचेल. सक्ती नाही. जो वाचेल त्याने पेटीतलं पुढचं पुस्तक सगळ्यांच्या आधी निवडायचं. या 'आधी'ला चौथीच्या वर्गात केवढी किंमत असते हे ज्याने मुलांना शिकवलं आहे त्यालाच कळेल. त्याला पैसे लागत नाहीत आणि ते बक्षीस संपतही नाही. अकरा चांदण्यांचा मुलगा सप्टेंबरच्या अखेरीस परत आला. त्याने एक पान वाचलं, अडखळत, आणि 'फास्टर फेणे' उचललं.

आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला एक पुस्तक, कायमचं. किती वाचली याचा हिशेब न लावता, अडतीसच्या अडतीस जणांना.

जगात वाचनाचे जे बक्षीस-उपक्रम वर्षानुवर्षं टिकले आहेत ते पाहिले तरी बक्षीस कामाच्या जवळचं की लांबचं हा फरक दिसतो. अमेरिकेत पिझ्झा हटने 1984 साली 'बुक इट' सुरू केलं. महिन्याचं वाचन पूर्ण केलं की मुलाला फुकट पिझ्झा. लाखो मुलं त्यात आली. ब्रिटनमध्ये 1999 पासून उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रंथालयांतून 'समर रीडिंग चॅलेंज' चालतं. मुलाने साधारण सहा पुस्तकं वाचायची, ती त्याने स्वतः निवडायची, मग प्रमाणपत्र किंवा पदक. मला दुसरं जवळचं वाटतं. सहा हा आकडा कुठल्याही मुलाच्या आवाक्यातला आहे, शर्यत कुणाशीच नाही, आणि ते मुलाला ग्रंथालयाच्या दारापर्यंत नेतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात 15 ऑक्टोबर, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. अलीकडे राज्य सरकारने तिसरी ते बारावीच्या मुलांसाठी महावाचन उत्सव सुरू केला. मुलाने आवडीचं पुस्तक वाचायचं, त्यावर थोडक्यात लिहायचं किंवा बोलून ध्वनिमुद्रण द्यायचं. तालुका, जिल्हा, राज्य अशा पातळ्यांवर बक्षिसं. यातलं बोलून सांगणं मला फार मोलाचं वाटतं, लिहिताना बुजणारं मूल त्यात उजळून निघतं. काळजी एकाच गोष्टीची. राज्यभरातून मूठभर मुलं निवडली जाणार असतील, तर ज्या मुलाने आयुष्यातलं पहिलं पुस्तक नुकतंच संपवलं आहे त्याच्या वाट्याला काय येतं? ते त्याच्या बाईंनी द्यायचं. समारंभ त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

पहिल्या पुस्तकापर्यंतही न पोचलेलं मूल काही विरळ नव्हे. मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून 'असर' ही पाहणी होते. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुलं 2018 साली 50.5 टक्के होती, करोनानंतर 2022 साली 42.8 टक्के, 2024 साली 48.8 टक्के. आकडे गावांचे आहेत, शहराचे नाहीत. पण कुठल्याही मोठ्या वर्गात उभं राहिलं की त्यांचे चेहरे दिसतात. अशा मुलाला कुठलंही बक्षीस वाचायला लावू शकत नाही, कारण त्याला वाचताच येत नाही. त्याला शिकवावं लागतं. बक्षिसाचा तक्ता लावून त्याचं नाव आठवडेच्या आठवडे रिकाम्या चौकोनांसह भिंतीवर टांगणं ही मी केलेली दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. त्या अडतीस नावांत सात नावं तशी होती. त्यांच्याबरोबर मी रोज प्रार्थनेआधी वीस मिनिटं बसायला लागले. मी एक ओळ वाचायची, त्यांनी तीच ओळ वाचायची. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं होती, 'किशोर'चे जुने अंक होते. 'किशोर' 1971 सालापासून बालभारती काढते आणि त्याचे जुने अंक आता फुकट पाहायला मिळतात. शिक्षिकेला यापेक्षा मोठा खजिना कुठला? मार्चपर्यंत सातांपैकी पाच जण सोपी गोष्ट आपली आपण वाचत होते.

एप्रिलमध्ये निकालाच्या आधी पुस्तकं वाटायची ठरली. मी दादर पश्चिमेला छबिलदासच्या गल्लीतल्या आयडियल या पुस्तकांच्या दुकानातून नवी कोरी पुस्तकं आणली होती, कडा धारदार, शाईचा वास येणारी. बाकांवर मांडली. पहिल्या पानावर नाव घालायला शाईचं पेन घेऊन बसले. मुलं रांगेने येऊन निवडत होती, उलटून पालटून पाहत होती, किंमत वाचत होती.

ओळीखाली बोट धरून वाचणारी ती मुलगी रांगेत शेवटी आली. तिने मांडलेल्या पुस्तकांकडे पाहिलंही नाही. जरीच्या काठाच्या पिशवीतून वर्गाचं 'गोट्या' काढून माझ्यासमोर ठेवलं. जुनंच, पाठीचा कणा सुटलेला, कोपरे मऊ झालेले. ऑगस्टपासून ते तिच्याकडेच होतं, दर पंधरा दिवसांनी वहीत नव्याने नोंदवून घेतलेलं.

"बाई, हेच देता?"

"अगं, ते जुनं आहे. नवीन घे ना."

तिने पुस्तक मधोमध उघडलं. आत फॉलच्या कापडाची एक निळी पट्टी होती, आईने खुणेसाठी कापून दिलेली. जूनमध्ये तिने पुस्तक सोडलं होतं ती जागा तिने मला बोटाने दाखवली, आणि नंतर पुन्हा जिथून सुरू केलं होतं ती. मी पहिलं पान काढलं, शाळेच्या शिक्क्याशेजारी तिचं नाव लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत पान तसंच उघडं धरून ठेवलं.